कारागृहातल्या आयांच्या आवाजात गोष्टी मुलांपर्यंत पोचवायच्या आहेत (सांगली): काय काय लागेल?

वाचनकट्टा_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा बालवाचनाचा छोटा गट आहे. जिल्हा कारागृहाच्या महिला विभागातल्या आयांनी मुलासाठी गोष्ट वाचायची, आम्ही ती रेकॉर्ड करायची आणि पुस्तकासकट मुलाच्या घरी पोचवायची, असं डोक्यात आहे. इंग्लंडात डार्टमूरच्या तुरुंगात वडिलांसाठी असं काम सुरू झालं आणि पुढे आयांसाठीही झालं, हे वाचलंय. पण आपल्याकडे ते बसवायचं कसं?

परवानगी कुणाकडे मागायची? मोबाइल आत नेता येत नाही, मग रेकॉर्डिंग कशावर? वाचता न येणाऱ्या बायकांचं काय? आम्ही आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखलाय, आठवड्याला एक सत्र आणि शेवटच्या सत्रात रेकॉर्डिंग. देणगीतून पन्नासेक जुनी पुस्तकं जमली आहेत, स्थिती चांगली आहे.

ग्रंथपाल_मिरज

आठ आठवडे आधी खोडा. जिल्हा कारागृहात बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले, असतात. आज समोर बसलेली बाई पुढच्या आठवड्यात जामिनावर सुटते, तारखेला कोर्टात जाते किंवा कळंब्याला (कोल्हापूर) नाहीतर येरवड्याला (पुणे) मध्यवर्ती कारागृहात हलवली जाते. रेकॉर्डिंग शेवटच्या सत्रात ठेवलंत तर निम्म्या आया तोवर तिथं नसतील आणि त्यांच्या मुलांच्या हाती काहीच पडणार नाही. पुस्तक निवडणं, एकदोनदा वाचून पाहणं, रेकॉर्डिंग आणि पत्ता लिहून घेणं हे सगळं एकाच बैठकीत उरकलं पाहिजे. एका बाईला पाऊण तास धरा. म्हणजे अडीच तासांत तिघी होतात, चौघींची आशा धरू नका. पुढच्या वेळी तीच बाई भेटली तर दुसरी गोष्ट करा.

परवानगीचा अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे आणि प्रत पश्चिम विभागाच्या कारागृह उपमहानिरीक्षकांना, येरवड्याला. 'वाचनसंस्कृती रुजवणे' वगैरे लिहिलंत की अर्ज फाइलीत झोपतो. त्यापेक्षा आत येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती (शक्यतो बायकाच, आणि दोनच), आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी, रेकॉर्डरचा अनुक्रमांक, आत थांबण्याची वेळ आणि 'प्रत्येक रेकॉर्डिंग बाहेर नेण्याआधी कारागृहाचे कर्मचारी ऐकतील' हे वाक्य, एवढं अर्जात हवंच. हे वाक्य तुम्ही आपणहून लिहिलंत तर अर्धी शंका तिथंच मिटते. पुस्तकांची यादीही जोडा.

जमवलेली जुनी पुस्तकं आत नेऊ नका. मागच्या पानावर कुणाचा तरी फोन नंबर, समासात पेन्सिलीच्या खुणा, मध्येच बसचं तिकीट, असलं काही झडतीत निघालं की अख्खा गठ्ठा गेटवर अडकतो. पुठ्ठ्याची जाड बांधणी आणि स्पायरलची तारही नको. स्टेपलच्या पिना तर मुळीच नकोत, धातू म्हणून त्या काढून घेतात आणि पानं सुटी होतात. पुस्तक पातळ, कोरं आणि दोऱ्यानं शिवलेलं हवं.

प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक आईकडे आणि एक मुलाकडे. नुसता आवाज पाठवला तर मूल दोनदा ऐकतं आणि सोडून देतं. हातात पुस्तक असेल आणि आई मधेच "आता पान उलट" म्हणत असेल तर तेच ते पुन्हा लावतं, चित्रावर बोट ठेवतं आणि चार दिवसांत पाठ म्हणायला लागतं. मुलाखतीच्या (नातेवाइकांच्या भेटीच्या) खिडकीवर किंवा ई-मुलाखतीत (व्हिडिओवरच्या भेटीत) आईशी काय बोलायचं हे मुलाला सुचत नाही, तिथंही दोघांनी वाचलेली तीच गोष्ट कामी येते. व्हिडिओवर मात्र एकत्र वाचायला जाऊ नका. आवाज मागेपुढे होतो, दोघं एकदमच बोलतात. एक पान आईनं आणि एक मुलानं वाचायचं, हे जमतं.

प्रतींसाठी सोपा मार्ग म्हणजे प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीवर हे संकेतस्थळ. तिथल्या मराठी गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, त्या छापता येतात आणि त्यांचं रेकॉर्डिंगही करता येतं. अट एवढीच की लेखक, चित्रकार, अनुवादक आणि प्रकाशक यांची नावं घ्यायची. ती शेवटी वाचा, सुरुवातीलाच चार नावं आली की मूल उठून जातं. दुकानातून विकत आणलेल्या पुस्तकाचं रेकॉर्डिंग करायचं तर प्रकाशकाची लेखी संमती घ्या. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं उलटून गेलेली असतील तर त्याच्या मजकुराला ती लागत नाही, चित्रांचा हिशेब वेगळा.

सोळा पानांची गोष्ट ए-फोरच्या चार कागदांवर पाठपोट बसते. झेरॉक्सवाल्याला 'बुकलेट' सांगा आणि पाठपोट छपाई शॉर्ट एजवर उलटायला लावा, नाहीतर एकाआड एक पान उलटं येतं. घडीवर तीन भोकं पाडायची, मधल्या भोकातून सुरुवात करून गोधडीच्या दोऱ्यानं शिवायचं आणि गाठ आतल्या बाजूला घ्यायची.

वकीलकाकू_कोरेगाव

वरचं सगळं ठीक आहे, पण त्याच्याही आधी एक गोष्ट. मूल खटल्यात साक्षीदार आहे का, हे प्रत्येक आईच्या वकिलाकडून लेखी घ्या. घरातल्या मृत्यूचा गुन्हा असेल तर बऱ्याचदा त्या घरातलं मूलच साक्षीदार असतं. अशा मुलाला आईचा आवाज गेला तर 'साक्षीदारावर दबाव' म्हणून सरकारी पक्ष उभा राहील. त्यात आईचा जामीन अडकेल आणि तुमचा उपक्रमही बंद पडेल. तिथं खटला चालवणाऱ्या न्यायालयाची परवानगी घ्यायची आणि ती येईपर्यंत रेकॉर्डिंग करायचंच नाही. आईला वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मूल कुणाच्या ताब्यात आहे हेही बघा. आजी, मावशी, काका अशा कुणा नातेवाइकाकडे असेल तर त्यांची संमती घ्या. बालगृहात असेल तर बालकल्याण समितीला अर्ज करा, अधीक्षिकेची तोंडी 'हो' पुरत नाही. मूल सासरच्यांकडे असेल आणि ते नको म्हणत असतील तर दारात जाऊन गळ घालू नका. तो भेटीच्या हक्काचा प्रश्न आहे, न्यायालयातच सुटेल.

पालकाला न चुकता विचारायचा प्रश्न म्हणजे, आई कुठे आहे असं मुलाला सांगितलंय? कुणी दवाखान्यात सांगतं, कुणी पुण्याला कामाला गेलीय म्हणून सांगतं. ते खोटं रेकॉर्डिंगमधून फोडणं हे आपलं काम नाही, आणि आईच्या तोंडून त्यात भर घालणंही नाही. आईनं जागेचं नावच घेऊ नये. खटल्याबद्दल अवाक्षर नको, कुणाला निरोप नको. "दिवाळीला येते" तर अजिबात नको. तारीख पुढे गेली की मूल त्या वाक्यावरच अडून बसतं.

आणि फोटो. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. देणगीदारांना दाखवायला पुस्तकांचे फोटो काढा. मुलांचे नकोत, चेहरा पुसटून सुद्धा नकोत. जत किंवा पाटण तालुक्यातल्या लहान गावात शाळेचा गणवेश आणि मागची भिंत एवढ्यावर ओळख पटते.

रेकॉर्डिंगवाला_कराड

साधा डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर घ्या. सिम, वायफाय, ब्लूटूथ यातलं काही नसलेला आणि ट्रिपल-ए सेलवर चालणारा. चार्जरवाला नको, आत वायर न्यायचा वेगळा वाद होतो. सुटे सेल मोजून यादीत लिहा आणि बाहेर येताना तेवढेच दाखवा.

दगडी खोलीत आवाज घुमतो. टेबलावर एक घोंगडी दुहेरी अंथरा, दुसरी बाईच्या समोरच्या भिंतीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर टाका. पंखा बंद. रेकॉर्डर तोंडापासून वीतभर अंतरावर, नाकासमोर नाही तर थोडा बाजूला. समोर धरला की प, फ, भ आले की फटफट वाजतं. हातात धरायला देऊ नका, बोटं घासल्याचा आवाज नंतर निघत नाही. मुलाखतीची वेळ टाळा, बाईला मध्येच हाक येते. गिनती (कैद्यांची मोजणी) झाल्यानंतरची सकाळ बरी.

डब्ल्यूएव्ही ठेवून रेकॉर्ड करा. सुरुवातीला दोन सेकंद कुणीच बोलायचं नाही, ती शांतता ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) खरखर काढायला नमुना म्हणून लागते. खरखर थोडीच काढा, फार काढलीत तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. चुकलेलं वाक्य परत म्हणवून घ्या, सगळी गोष्ट पहिल्यापासून नको. रडू आलं तर रेकॉर्डर चालू राहू द्या, पाणी द्या, थांबा. ते नंतर कापता येतं, पण "कट, परत" म्हटलंत तर ती बाई पुन्हा बोलणारच नाही.

शेवटी एमपी-थ्री, मोनो, ६४ केबीपीएस. मिनिटाला साधारण अर्धा एमबी, पाच मिनिटांची गोष्ट अडीच एमबीत. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. फोन बदलला किंवा मेमरी भरली की गोष्ट गेली. आजीकडे बटणांचा फोन असेल तर छोटं मेमरी कार्ड, फॅट-३२ फॉरमॅट करून. फाइलचं नाव मराठीत देऊ नका, बऱ्याच स्वस्त फोनांत चौकोन दिसतात. ०१, ०२ असे नुसते इंग्रजी आकडे द्या. आणि मूळ फाइलची एक प्रत नदीपासून लांब राहणाऱ्या सभासदाच्या घरी ठेवा. २०१९ च्या पुरात सांगलीत पुस्तकांचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

वाचनकट्टा_विश्रामबाग

सर्वांचे आभार, आराखडा नव्यानं लिहितो. अजून दोन अडचणी. काही आयांना अक्षरओळख नाही, एकीची घरची बोली कन्नड आहे. आणि एकीचं मूल आतच आहे, सहा वर्षांचं व्हायला थोडे महिने उरलेत. त्याच्यासाठी रेकॉर्डिंगची गरज नाही ना?

बालवाडीताई_सातारा

उलट त्याच्यासाठी आधी करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार (आर. डी. उपाध्याय खटला) मूल आईजवळ सहा वर्षांचं होईपर्यंतच राहू शकतं. त्यानंतर आई सांगेल त्या योग्य नातेवाइकाकडे नाहीतर संस्थेत जातं. त्या दिवशी रेकॉर्डिंग हातात देऊन भागत नाही. आई आणि मूल दोघं आत असतानाच तीनचार गोष्टी ठरवा, रोज झोपताना त्याच वाचा आणि शेवटच्या महिन्याआधी रेकॉर्ड करा. मूल शेजारी बसून मधेच बोललं तर ते कापू नका. बाहेर गेल्यावर मुलाला नवी नको, तीच ओळखीची गोष्ट हवी असते. पुस्तक त्याच्या सामानाच्या यादीत लिहून घ्या, नाहीतर गेटवर 'हे कुणाचं' म्हणून मागे राहतं. ज्याच्याकडे मूल जाणार त्यांनी बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात आत्ताच करावी, कागद जमवायला वेळ लागतो.

अक्षरओळख नसलेल्या आईसाठी दोन वाटा. पहिली, मागोमाग म्हणणं. स्वयंसेविका एक वाक्य म्हणते, पूर्ण एक सेकंद थांबायचं, मग आई तेच म्हणते. वाक्य पाचसहा शब्दांचं हवं, लांब असेल तर तोडा. स्वयंसेविकेनं रेकॉर्डरपासून हातभर मागे बसून हलक्या आवाजात सांगायचं, म्हणजे स्क्रीनवर तिचा आवाज बारीक दिसतो आणि कापणं सोपं जातं. अडचण अशी की अशी गोष्ट सपाट येते, पाढे म्हटल्यासारखी. म्हणून आधी गोष्ट तिला तोंडी सांगा, चित्रं दाखवा, ती हसली की मगच सुरू करा.

दुसरी वाट मला जास्त पसंत आहे. बिनशब्दांचं किंवा अगदी कमी शब्दांचं चित्रपुस्तक घ्या आणि तिला तिच्या शब्दांत सांगू द्या. इथं भाषा सुधारायला जाऊ नका. जतकडची आई मुलाशी घरी कन्नडमध्ये बोलत असेल तर रेकॉर्डिंग कन्नडमध्येच व्हावं. पारधी, कैकाडी, वडारी बोलींचंही तेच. पण तपासणीसाठी ऐकणाऱ्या ताईंना ती बोली कळली पाहिजे, म्हणून अर्जात भाषा लिहा आणि मराठीत सारांश जोडा. तो नसला की फाइल अडकून राहते.

गोष्टीच्या शेवटी एक ओवी, अंगाईचं एक कडवं किंवा नुसतं मुलाचं लाडाचं नाव येऊ द्या. मोठ्या मुलाला, दहा-अकराच्या, अंगाई पाठवलीत तर तो कुणालाच ऐकवणार नाही. त्याला 'किशोर' मासिकातला एखादा लेख द्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर जुने अंक आहेत, पण रेकॉर्डिंगसाठी त्यांना विचारून घ्या. कारागृहात गळाभेटीचा (मुलांना आईला प्रत्यक्ष जवळ घेऊन भेटता येतं तो) कार्यक्रम ठरला तर तेच पुस्तक आईच्या हाती राहील असं बघा, मुलाबरोबर त्याचीच प्रत येईल.

ग्रंथपाल_मिरज

पाठवण्याबद्दल राहिलंच. पाकिटावर कारागृहाचा शिक्का किंवा पत्ता येता कामा नये. गावात पोस्टमनच्या हातून बातमी पंचक्रोशीत फिरते आणि शाळेत मुलाला ऐकून घ्यावं लागतं. प्रेषक म्हणून वाचनगटाचा पत्ता टाका. पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा पुस्तकांसाठी स्वस्त आहे, पण ती छापील प्रकाशनांसाठी. घरी शिवलेलं पुस्तक आणि मेमरी कार्ड त्यात घालू नका, सरळ स्पीड पोस्ट करा. कार्ड आतल्या मलपृष्ठावर कागदी खिसा चिकटवून त्यात ठेवा, सुटं टाकलं तर पाकीट फोडतानाच हरवतं. पोचल्याचा फोन पालकाला करा आणि ती तारीख पुढच्या भेटीत आईला सांगा. आईची बदली झाली असेल तर नव्या कारागृहाच्या अधीक्षकांच्या नावे पत्र लिहून कळवा.