मतदानकेंद्रात आईंसोबत मला जाता येईल का?

प्रेषक: मीनल

नमस्कार मंडळी,

आमच्या सासूबाई मागे अमेरिकेच्या नागरिक झाल्या. वय पंचावन्नच्या पुढे आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षं पूर्ण, म्हणून इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळाली. नागरिकशास्त्राची उत्तरं त्यांनी दुभाष्यामार्फत मराठीत दिली. पहिल्या मतदानाला मी सोबत गेले, तर टेबलावरच्या बाईंनी मला थांबवलं. सासूबाई दिरांकडे राहतात, आमची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) शेजारची. "तुमचं नाव इथल्या यादीत नाही, तुम्हाला भाषांतर करता येणार नाही," असं सांगितलं. आई एकट्याच आत गेल्या, दोन जागांना मत देऊन बाकी मतपत्रिका कोरी ठेवून परत आल्या. घरी येऊन म्हणाल्या, "पुढच्या वेळी नको गं." मला फार लागलं ते. यंदा काय करावं? टेक्सासात कुणाला असा अनुभव आहे का?

मीनल

प्रेषक: शिरीष

मीनल, आईंना सांग, जायचंच. तुला अडवलं ते कायद्याला धरून नव्हतं.

१९६५ च्या व्होटिंग राइट्स ॲक्टमध्ये, म्हणजे देशभर लागू असलेल्या मतदान हक्क कायद्यात, १९८२ साली कलम २०८ आलं. अंधत्वामुळे, अपंगत्वामुळे किंवा लिहिता-वाचता येत नसल्यामुळे ज्याला मदत लागते, तो मतदार स्वतःच्या पसंतीचा माणूस सोबत नेऊ शकतो. मतपत्रिकेतलं इंग्रजी वाचता न येणं यातच येतं. चालत नाहीत ते एवढेच: मतदाराचा मालक, मालकाचा माणूस, आणि मतदाराच्या कामगार संघटनेचा पदाधिकारी किंवा प्रतिनिधी. मदतनीस त्याच काउंटीचा हवा असं या कलमात कुठेही नाही.

आणि हे आपल्याच राज्यात कोर्टात ठरलेलं आहे. २०१४ मध्ये विल्यमसन काउंटीत एक बंगाली आई मुलाला घेऊन मतदानाला गेल्या. मुलगा म्हणाला, मी आईसाठी भाषांतर करायला आलोय. त्याचं नाव शेजारच्या ट्रॅव्हिस काउंटीच्या यादीत होतं, म्हणून त्याला मनाई झाली. टेक्सासच्या कायद्यात तेव्हा मदतनीस वेगळा आणि दुभाषा वेगळा होता. मदतनीस कुठलाही चाले, दुभाषा मात्र त्याच काउंटीचा मतदार लागे. 'मदतीला आलोय' म्हणाला असता तर आत गेला असता! प्रकरण ओसीए ग्रेटर ह्यूस्टन या संस्थेने लढवलं. ऑगस्ट २०१७ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाने (काही राज्यांच्या गटासाठी असलेलं केंद्रीय अपील कोर्ट, टेक्सास त्यात येतं) सांगितलं की काउंटीची अट कलम २०८ शी विसंगत आहे, आणि मदतीचा हक्क फक्त बूथमध्ये मतपत्रिका वाचून दाखवण्यापुरता नाही. निकाल लागला तेव्हा त्या आई हयात नव्हत्या. हे वाचलं तेव्हापासून मी दर निवडणुकीला हा विषय काढतो.

मदत लागतेच का, असं काही जण विचारतात. एकदा इथली मतपत्रिका बघा. न्यायाधीशांपासून कितीतरी जागा निवडणुकीने भरायच्या. एकाच बटणात पूर्ण पक्षाला मत देण्याची सोय टेक्सासने २०२० पासून बंद केली. आता प्रत्येक जागा वेगळी वाचावी लागते, आणि आईंनी दोनच जागा भरल्या त्या यामुळेच.

जाताना एक लक्षात ठेव. मदतनिसाला शपथ घ्यावी लागते आणि फॉर्मवर नाव, पत्ता, नातं लिहावं लागतं. २०२१ च्या राज्य कायद्याने ही शपथ आणखी कडक केली आणि त्यावरून कोर्टकज्जे झाले, म्हणून सही करण्याआधी नीट वाच. कुणाला मत द्यायचं ते फक्त आईंनी सांगायचं. मतयंत्रांपासून १०० फुटांच्या आत फोन वापरता येत नाही, त्यामुळे भाषांतराचं ॲप उपयोगाचं नाही. नमुना मतपत्रिका आधी घरी बसून समजावून दे आणि आईंच्या टिपा कागदावर लिहून ने.

पुन्हा कुणी अडवलं तर वाद न घालता केंद्राच्या मुख्य न्यायाधीशाला बोलवायला सांग. केंद्रप्रमुखाला इथे न्यायाधीशच म्हणतात.

शिरीष

प्रेषक: अनघा

शिरीषदादा, फारच उपयोगी. दोन शंका. आमच्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात काम करणारे एक काका यंदा पहिल्यांदा मत देणार आहेत. मी सोबत गेले तर? आणि मंडळाने स्वयंसेवकांची यादी करून सगळ्या ज्येष्ठांना न्यावं का?

प्रेषक: शिरीष

अनघा, तू मालकीण, म्हणून तू नाही जाऊ शकत. तुझा मॅनेजरही नको. काकांच्या मुलीला किंवा शेजाऱ्याला पाठव.

यादी जरूर करूया, पण माणूस ज्येष्ठांनी स्वतः निवडायचा, आपण नेमून द्यायचा नाही. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था आहे, तेव्हा कुठल्याही उमेदवाराचं नाव आपल्या तोंडून निघता कामा नये. दुसऱ्या राज्यांत नातेवाईक असतील तर तिथले नियम वेगळे निघतील. आर्कान्सात एका माणसाला सहापेक्षा जास्त मतदारांना मदत करता येत नाही असा कायदा आहे. तो खटला आठव्या सर्किटकडे गेला, आणि २०२५ मध्ये त्या कोर्टाने म्हटलं की कलम २०८ साठी नागरिकांना किंवा संस्थांना स्वतः दावा लावताच येत नाही. मिनेसोटा आणि मिसूरीही त्याच सर्किटमध्ये येतात. हक्क कागदावर तसाच राहिला, पण तो मोडला तर कोर्टात जाणार कोण? मला या निकालाची खरोखर काळजी वाटते. टेक्सासचा खटला एका संस्थेनेच लढवला होता.

प्रेषक: मीनल

दादा, मनापासून आभार. आईंना सगळं वाचून दाखवलं. न्यायाधीशांच्या जागांबद्दल त्यांनी इतके प्रश्न विचारले की मलाच अभ्यास करावा लागणार आहे. अर्ली व्होटिंगच्या (मुख्य दिवसाआधीच्या मतदानाच्या) पहिल्या आठवड्यात जातो, गर्दी कमी असते. नमुना मतपत्रिकेच्या मराठी टिपा तयार झाल्या की इथे टाकते. कुणी तपासून देईल का?