वेंगुर्ल्याहून आठ जण: एक रात्र पणजीच्या कॅसिनोत, एक रात्र घरी पोकर. नियोजन कसं करावं?

उभादांडा_८
मंडळी, डिसेंबरात आमचा आठ जणांचा कंपू वेंगुर्ल्यात दोन रात्री जमतोय. पहिल्या रात्री पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोत जायचं, दुसऱ्या रात्री घरीच पोकर खेळायचा असा बेत आहे. तीन पत्ती सगळ्यांना येते, पोकर मात्र दोघांनाच. माहिती हवी ती अशी: तिकिटात नेमकं काय मिळतं आणि कागदपत्रं कुठली लागतात? माणशी पाच हजार उडवायची तयारी आहे, ते कुठल्या खेळात जास्त वेळ पुरतील? घरच्या पोकरला चिप्स किती लागतील, आणि पैसे लावले तर कायद्याची भानगड होईल का? कुणा एकाच्या कंपनीची जाहिरात नको, फक्त व्यवहाराचं सांगा.

मांडवीकाठ
आधी कायद्याचं. आपल्या बाजूला कॅसिनो नाही आणि होण्याची चिन्हंही नाहीत. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. गोव्यात १९७६ च्याच जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या झाल्या. पहिलीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली, दुसरीने पाण्यावरच्या जहाजांत टेबलांना. म्हणून खरा डीलर, खरे पत्ते बघायचे असतील तर बोटीवरच जा. जमिनीवरच्या कॅसिनोत कायद्याने फक्त इलेक्ट्रॉनिक खेळ.

वय २१ पूर्ण हवं. ओळखपत्र मूळ न्या. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबलात तर जेट्टीवरच ताटकळाल. पॅन कार्डही खिशात असू द्या, मोठी रक्कम वटवताना विचारतात. गोमंतकीयांना खेळायला बंदी आहे आणि फेब्रुवारी २०२० पासून ती दारातच तपासली जाते. आठांतला कोणी नोकरीनिमित्त गोव्यात राहत असेल आणि आधारवरचा पत्ता तिकडचा झाला असेल, तर आठवड्यापूर्वीच फोन करून विचारा. सात जण फीडर बोटीत (काठावरून जहाजापर्यंत नेणारी छोटी बोट) आणि एक काठावर, असं व्हायला नको. पुरुषांनी हाफ पँट आणि चपला टाळा.

तिकिटात साधारणपणे प्रवेश, बुफे जेवण, ठरावीक पेयं आणि थोड्या रकमेच्या चिप्स येतात. शनिवारचा दर वेगळा, ३१ डिसेंबरचा तर विचारूच नका. घोळ होतो तो त्या चिप्सचा. ‘दोन हजारांच्या चिप्स फुकट’ म्हणतात त्या बहुतेक वेळा एकदाच खेळायच्या असतात, खिडकीवर वटत नाहीत. जिंकलात तर जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये मिळते, पण लावलेली चिप दोन्ही बाबतींत डीलर उचलतो. तिकिटाचा हिशेब करताना त्या पुऱ्या दोन हजारांच्या धरू नका.

कराचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर जीएसटी ४०% आहे, आधी २८% होता. तो चिप्स विकत घेताना भरलेल्या रकमेवर लागतो, प्रत्येक डावावर नाही. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर परत लागत नाही. तुमच्या पाच हजारांत तो कसा धरला जातो हे चिप्सच्या खिडकीवर पैसे देण्याआधी विचारा: ‘पाच हजार दिले तर हातात किती?’ जिंकलेल्या पैशावर प्राप्तिकर सरळ ३०% आणि वर सेस. हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही.

उभादांडा_८
त्या एकदाच खेळायच्या चिप्स मग लावायच्या कुठे? लाल-काळ्यावर?

शून्य_हिरवं
लाल-काळ्यावर लावणं म्हणजे अर्ध्या किमतीला विकणं. एका शून्याच्या रुलेटमध्ये ३७ घरं, त्यांतली १८ लाल. चिप परत मिळणारच नसल्याने हजाराच्या चिपची सरासरी किंमत १८/३७ म्हणजे ४८६ रुपये. तीच चिप बारा आकड्यांच्या गटावर लावली तर दुप्पट मिळतात, किंमत ६४९. एकाच आकड्यावर ३५ पट, किंमत ९४६. अर्थात ३७ पैकी ३६ वेळा ती जाणारच, म्हणून मधला रस्ता बारांचा गट. काही ठिकाणी अशा चिप्स फक्त समसमान पैजेवरच (लाल-काळ्यासारख्या, लावले तितकेच मिळणाऱ्या) चालतात, तर काही ठिकाणी हरेपर्यंत टेबलावरच राहतात. हरेपर्यंत राहणाऱ्या असतील तर वरचं गणित बदलतं. डीलरला विचारायला लाजू नका, त्याचं ते कामच आहे.

आता पाच हजार पुरवायचे कसे. नुसती घराची, म्हणजे कॅसिनोची, टक्केवारी बघून भागत नाही, तासाला किती डाव पडतात तेही बघावं लागतं. रुलेटवर दर फेरीला २०० आणि तासाला ३५ फेऱ्या धरल्या तर ७,००० रुपये लागले. एक शून्य असेल तर घराचा वाटा २.७०%, म्हणजे सरासरी तोटा तासाला १८९. दोन शून्यांच्या चाकावर ५.२६%, तोटा ३६८. चाकावर शून्याची हिरवी घरं एक की दोन, हे बसण्याआधी मोजा. हे आकडे सरासरीचे. एका तासात हजार-बाराशे इकडे किंवा तिकडे होणं अगदी नेहमीचं, त्यामुळे तासाभरात हजार गेले म्हणून चाकात खोट शोधत बसू नका.

अंदर-बाहर (मधल्या पानाच्या जोडीचं पान आधी कुठल्या बाजूला पडेल यावर पैज) सगळ्यांना येतो म्हणून तिकडेच गर्दी होते, आणि पैसेही तिथेच लवकर संपतात. पहिलं पान अंदरला पडत असेल तर अंदर ५१.५% वेळा जिंकतो, म्हणून त्याला बहुधा १०० ला ९० देतात. घराचा वाटा अंदरवर सुमारे २.१५%, बाहरवर ३%. टक्केवारी रुलेटसारखीच दिसते, पण डाव अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकतो. दर डावाला ५०० आणि तासाला ६० डाव म्हणजे ३०,००० फिरले. सरासरी ६५० ते ९०० रुपये गेले. चिप छोटी असली तरी जीव तोडून पळते.

बॅकराटमध्ये बँकर आणि प्लेअर या दोन बाजूंपैकी कोण जिंकेल यावर पैज असते. घराचा वाटा बँकरवर १.०६%, प्लेअरवर १.२४%, ‘टाय’वर (बरोबरीवर) मात्र १४% च्या वर. टायला ८ पट मिळतात म्हणून हात शिवशिवतो, तो आवरा. ब्लॅकजॅकमध्ये टेबलावर छापलेलं वाचा: ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पानांतच २१) ३ ला २ असेल तर ५०० वर ७५० मिळतात, ६ ला ५ असेल तर ६००. ६ ला ५ च्या टेबलावर बसूच नका. इन्शुरन्स (डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावरची जादा पैज) कधीच घेऊ नका.

दोन बारकावे. पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. आणि रुलेटच्या रंगीत चिप्स त्या टेबलापुरत्याच असतात. प्रत्येक खेळाडूचा रंग वेगळा, किंमत खरेदी करताना ठरते. उठताना त्या डीलरकडे सरकवून साध्या चिप्स घ्या. खिशात घालून खिडकीवर गेलात तर परत टेबलाकडेच पाठवतील.

बोटीवरच्या पोकर टेबलावर नवख्यांनी पहिल्या रात्री बसू नये असं माझं मत. तिथे समोर घर नसतं, रोजचे खेळणारे असतात. शिवाय प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या पैशातून) रेक, म्हणजे कॅसिनोचा कट, कापला जातो. ५% धरला तर २,००० च्या पॉटमधून १०० गेले. ब्लाइंड (दर डावाआधी दोघांनी सक्तीने लावायची रक्कम, छोटा/मोठा) ५०/१०० असेल आणि शंभर मोठे ब्लाइंड घेऊन बसायचं तर दहा हजार लागतात. तुमचं बजेट त्याच्या निम्मं आहे.

पाचवं_पान
घरच्या पोकरबद्दल सांगतो. तीन पत्तीवाल्यांचा पहिला घोळ हमखास हा: तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने पानं) रंगापेक्षा (सगळी पानं एकाच चिन्हाची) मोठा, पोकरमध्ये रंग सिक्वेन्सपेक्षा मोठा. कारण साधं आहे. तीन पानांत सिक्वेन्स ७२० प्रकारे जमतो आणि रंग १,०९६ प्रकारे. पाच पानांत उलट, सिक्वेन्स १०,२०० आणि रंग ५,१०८. जे दुर्मीळ ते मोठं. क्रमवारीचा कागद छापून दोन्ही बाजूंना ठेवा, नाहीतर रात्री एक वाजता पॉटवरून जुंपते.

पत्ते पूर्ण प्लॅस्टिकचेच घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत कागदी पत्ते तासाभरात फुगतात, एकमेकांना चिकटतात, आणि एक कोपरा दुमडला की ते पान सगळ्यांना ओळखू येतं. दोन रंगांच्या पाठीचे दोन जोड ठेवा, एक वाटला जाईपर्यंत दुसरा पिसून होतो. खाली जाड चादर किंवा सतरंजी हवी, नुसत्या लादीवरून पान उचलायला नखं लागतात.

चिप्स ३०० पुरे. प्रत्येकाला ५,००० चे गुण द्या: २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार, १,००० च्या दोन. आठ जणांना मिळून १७६ चिप्स. १०० च्या आणखी १६ बाजूला काढून ठेवा, त्या पुढे लागतात.

ब्लाइंड दर २० मिनिटांनी वाढवा: २५/५०, ५०/१००, ७५/१५०. इथे थांबून २५ च्या सगळ्या चिप्स गोळा करा. ६४ चिप्स म्हणजे १,६०० गुण, त्याबदल्यात त्या जादाच्या १६ द्या. मग १००/२००, २००/४००, ३००/६००, ४००/८००, ६००/१२००, ८००/१६००, १०००/२०००. मध्ये १५०/३०० घालू नका. बऱ्याच तयार तक्त्यांत ती पायरी असते, पण २५ च्या चिप्स काढल्यावर १५० द्यायला काहीच उरत नाही. टेबलावर एकूण ४०,००० आहेत, म्हणजे शेवटच्या पायरीला दोघं उरले तर दोघांत मिळून वीसच मोठे ब्लाइंड. सव्वातीन तासांत निकाल लागतो.

वाद कुठे होतात तेही सांगतो. समजा बाबूने १,२०० वर ऑल-इन केलं, म्हणजे जवळचं सगळं लावलं, आणि दोघांनी ३,००० लावले, तर मुख्य पॉट ३,६०० आणि बाजूचा पॉटही ३,६००. बाबू फक्त मुख्य जिंकू शकतो. दोन्ही पॉट आधीच वेगळे रचा, पानं उघडल्यावर हिशेब करायला गेलात तर भांडण ठरलेलं. काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली तर तो कॉल (आधीच्या पैजेइतकंच लावणं) धरायचा, रेझ (पैज वाढवणं) नाही. चिप्स दोन हप्त्यांत सरकवायच्या नाहीत. आणि दोघंच उरले की बटणवाल्याने (वाटप करणाऱ्याची खूण ज्याच्यासमोर आहे त्याने) छोटा ब्लाइंड द्यायचा. हे शेवटचं जवळपास सगळे चुकतात.

पैशांचं म्हणाल तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आजही लागू आहे. घरमालकाने जागेचा किंवा पत्त्यांचा म्हणून कट काढला की ते घर कायद्याच्या नजरेत जुगाराचा अड्डा होतं. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांचं एकमत नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. गुणांवर खेळा आणि हरणाऱ्याला सकाळी बंदरावर मासे आणायला पाठवा. मोबाइलवर पैसे लावून खेळायचा विचार असेल तर तोही सोडा, ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने कौशल्य असो वा नशीब, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केलेत.

तिरफळ
परतीचं कोणी बोललं नाही. वेंगुर्ला ते पणजी साठ-पासष्ट किलोमीटर, पण पहाटेचे. बोटीवरची पेयं तिकिटात असतात म्हणून हात सैल सुटतो. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला १०,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आठ जणांना एक गाडी आणि न पिणारा चालक भाड्याने घ्या, वाटून फार पडत नाही. नाहीतर पणजीतच खोली घ्या आणि नाश्ता करून निघा.

आणि स्वस्त आहे म्हणून डिकीत बाटल्या भरू नका. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. सातार्ड्याहून या नाहीतर बांद्याहून, उत्पादन शुल्कवाले असतातच. बाटल्यांबरोबर गाडीही जप्त होते आणि ती सोडवताना कोर्टाच्या खेपा पडतात.

बाकी म्हणणं इतकंच: आधी ठरवा किती घालवूचे ते, मगेच बोटीत चढा. एटीएम कार्ड घरी ठेवलं तरी चालेल.

धयकालो
दोन्ही रात्री पत्तेच का? डिसेंबर म्हणजे जत्रांचा हंगाम. त्रिपुरारी पौर्णिमेनंतर सोनुर्लीची लोटांगणाची जत्रा होते, आणि मग गावोगाव सुरूच. पालखी फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार उभा राहतो. आधी आडदशावतारात गणपती, संकासुर, मग आख्यान, आणि पहाटे दहीकाला. तिकीट नाही. बसायला चटई आणि अंगावर शाल घेऊन जा, पहाटे दव पडतं. वेंगुर्ल्याच्या आसपास त्या तारखेला कुठे जत्रा आहे ते कालनिर्णयात नाही सापडणार, बाजारातल्या खाजेवाल्याला विचारा. त्याचं दुकान रोज नव्या जत्रेत असतं.

उभादांडा_८
धन्यवाद मंडळी. चालकासह गाडी ठरवतो, पोकर गुणांवर. खाजेवाल्याला उद्याच गाठतो. @पाचवं_पान, सात जणच आले तर चिप्सची वाटणी तीच का?

पाचवं_पान
तीच. एकूण ३५,००० होतील, २५ च्या ५६ चिप्स गोळा होतील म्हणून जादाच्या १६ ऐवजी १४ पुरतात. शेवटची पायरी बहुतेक लागणार नाही.