बॅटरीची केबल किती जाड घेऊ? लवकर सांगा

घाईगडबड: बाइकची बॅटरी सीटच्या मागे नेली आहे, जुनी केबल पुरत नाही. घरात ६ ची वायर पडून आहे. चालेल का? नसेल तर फक्त आकडा सांगा, उद्या गाडी हवी आहे.

किकमास्टर: किती सीसी? लांबी किती? सेल्फ आहे का?

घाईगडबड: सेल्फ नसता तर विचारलं कशाला असतं? सिंगल सिलिंडर आहे. लांबी मीटरभर.

ओहमकार: मीटरभर एकाच बाजूची ना? अर्थची (मायनसची) केबलही तेवढीच धरा, म्हणजे दोन मीटर. सेल्फ मारताना १०० अँपिअर धरले, तर ६ चौरस मिमी तांब्याच्या तारेतच जवळपास ०.६ व्होल्ट जातील. १६ मध्ये ०.२ च्या आसपास. ६ नको.

जाडजूड: गणितं कसली करताय? सरळ २५ टाका. माझ्या गाडीला वेल्डिंगची केबल आहे, एका झटक्यात सुरू होते.

ओहमकार: २५ चा लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) रिलेच्या, म्हणजे सेल्फला करंट देणाऱ्या स्विचच्या, बोल्टवर नीट बसतो का ते आधी बघा. शिवाय ताठ केबल थरथरून टर्मिनल हलवते.

जाडजूड: वेल्डिंगची केबल ताठ? हातात धरली आहे का कधी? दोऱ्यासारखी वळते.

ओहमकार: वळते, मान्य. वरच्या रबराला पेट्रोल-ऑइल सोसतं का तेही बघा.

हलकंफुलकं: लिथियम बॅटरी टाका, निम्मं वजन जाईल.

किकमास्टर: त्यांनी केबल विचारली आहे हो. लग क्रिंप करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा, सोल्डर नको. सोल्डर जिथे संपतं तिथेच तार तुटते.

जुनाखोड: माझं सोल्डर अजून शाबूत आहे. आणि सगळे प्लसच्याच मागे का? अर्थ रंगवलेल्या चॅसीला लावलात तर २५ काय, ५० ची केबलही व्यर्थ. इंजिनच्या बोल्टला लावा, जागा घासून.

घाईगडबड: वायरवर '६ एडब्ल्यूजी' लिहिलंय.

ओहमकार: अहो, हे आधी सांगायचं! एडब्ल्यूजी म्हणजे अमेरिकन गेज, चौरस मिमी नव्हे. ६ गेज म्हणजे १३.३ चौरस मिमी. मग चालेल, जर तांबं असेल तर. टोक ब्लेडने खरवडून बघा.

घाईगडबड: आत पांढरं आहे.

किकमास्टर: कथिलाचा मुलामा दिलेलं तांबंही वरून पांढरंच दिसतं. नीट खोलवर खरवडा.

घाईगडबड: वरून तांबडं, आत पांढरं.

ओहमकार: मग मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. तांब्याच्या साधारण ८ चौरस मिमीइतकंच धरा. शिवाय थरथरीत लवकर तुटतं. सेल्फला नको.

जाडजूड: म्हणूनच म्हणत होतो, २५!

घाईगडबड: एक आकडा सांगा राव.

ओहमकार: १६, बारीक तारांची, शुद्ध तांबं, प्लस आणि अर्थ दोन्ही. प्लस केबल बॅटरीजवळ फ्यूजशिवाय जाणार, तेव्हा चॅसीला घासेल तिथे स्लीव्ह घाला. बसवल्यावर सेल्फ दाबून मल्टिमीटरने बॅटरीचा प्लस ते स्टार्टरचा बोल्ट एवढा व्होल्टेज ड्रॉप मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर रिले किंवा जोड बघा.

जुनाखोड: अर्थची बाजूही तशीच मोजा. बाकी, बॅटरी हलवलीत कशाला?