पाण्याखाली आर्क सारखा तुटतोय, अँपियर वाढवू का?

नवा_डायव्हर: वेट वेल्डिंग, म्हणजे थेट पाण्यातच वेल्डिंग, शिकतोय. टँकमध्ये बीड (वेल्डची रेघ) बरी यायची पण समुद्रात १२ मीटरवर आर्क (रॉड आणि प्लेटमधली विजेची ज्योत) लागतो, जरा चालतो, फडफडतो आणि विझतो, नाहीतर रॉड चिकटून बसतो. मशीन डीसी, रॉड रुटाईल (कोटिंगचा प्रकार) ३.२ एमएम, वॉटरप्रूफ कोटिंगवाला. अँपियर वाढवायचा का सरळ?

खारंपाणी: अँपियरला नंतर हात लाव, आधी केबल बघ. मशीनच्या मीटरवर दिसतं तेवढं होल्डरपर्यंत (रॉड धरायच्या मुठीपर्यंत) पोचतंच असं नाही, केबल लांब असली की व्होल्टेज वाटेतच पडतं आणि खाऱ्या पाण्यात जिथे इन्सुलेशन फाटलंय तिथून करंट गळतो. स्विच ऑन असताना जॉइंटमधून बारीक बुडबुडे निघताना दिसले तर तोच जॉइंट खराब समज, वरच्या माणसाला करंट बंद करायला सांग आणि मगच हात लाव. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या जवळ, रंग आणि शंख-शिंपले खरवडून चकचकीत लोखंडावर लाव, आणि रॉड आणि अर्थिंगच्या मधे स्वतः कधी येऊ नको.

बुडबुडा: केबलचं बरोबर आहे, पण माझ्या मते निम्मा दोष हाताचा असतो. पाण्याखाली आर्क गॅसच्या बुडबुड्यात जळतो, त्यात बराचसा हायड्रोजन, तो फुगतो, सुटून वर जातो, लगेच दुसरा तयार होतो, दर वेळी आर्क हलतो. त्यात हायड्रोजन उष्णता ओढून घेतो आणि १२ मीटरवर दाब वरच्या दुपटीहून जास्त, म्हणजे तेवढाच लांब आर्क टिकवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून आर्क लांब धरायचाच नाही, रॉड प्लेटला टेकवून ओढत न्यायचा. आतली तार आधी वितळते, कोटिंग मागे राहून टोकाला वाटी होते, ती वाटीच आर्कची लांबी सांभाळते, तू फक्त रॉड जळेल तसा हलका दाब देत राहा. एवढं करूनही चिकटत असेल तर मग अँपियर थोडा वाढव, साधारण पाण्याबाहेर लावतोस त्यापेक्षा १० टक्के. एकदम चढवलास तर अंडरकट येईल, म्हणजे वेल्डच्या कडेला प्लेटमध्ये खाच पडेल.

नवा_डायव्हर: आणि पोलॅरिटी, म्हणजे रॉड प्लसला की मायनसला? एकजण म्हणतो रॉड पॉझिटिव्हला लाव, आर्क मऊ चालतो.

खारंपाणी: सहसा रॉड निगेटिव्हलाच. पॉझिटिव्ह ठेवलास तर खाऱ्या पाण्यात होल्डरचे धातूचे भाग इलेक्ट्रोलिसिसने खाल्ले जातात. काही रॉड पॉझिटिव्हवर चालवायला सांगतात, पाकिटावर बघ. एसीचा तर विचारही नको, शॉकचा धोका फार.

बुडबुडा: रॉड थोडेथोडेच खाली ने रे, कोटिंगचा टवका उडाला की आतला फ्लक्स (रॉडवरचा मसाला) पाणी पितो आणि मग कितीही सेटिंग कर, आर्क थुंकतच राहणार.