अमल कॉन्सेन्ट्रिक कार्ब्युरेटर : एअर स्क्रू फिरवून फरकच पडत नाही

जुनी_फटफटी
५०० सीसी, एक सिलिंडरची मोटरसायकल, कार्ब्युरेटर अमल ९३० (मार्क १). इंजिन तापल्यावर आयडलिंग धरत नाही, थ्रॉटल स्टॉप (आयडलिंगचा वेग ठरवणारा स्क्रू) बराच आत घेतला तरच चालू राहतं. पाव थ्रॉटलला भकभक करतं, प्लग काळा कोरडा. इग्निशन पॉइंटची फट ०.३८ मिमी, टायमिंग आणि टॅपेट बघून झाले. एअर स्क्रू (आयडलिंगच्या मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा) पूर्ण आत असो की तीन फेरे बाहेर, आवाज तोच. मेन जेट लहान टाकू का?

पाना_पक्कड
मेन जेटला हात लावू नका. त्याचं काम शेवटच्या पाव थ्रॉटलला.

स्क्रूला दाद नाही म्हणजे पायलट जेट, आयडलिंगचं पेट्रोल जिथून येतं तो, चोंदलाय. बहुतेक मार्क १ मध्ये तो एअर स्क्रूच्या भोकात खोलवर ठोकून बसवलेला असतो, निघत नाही. भोक ०.०१६ इंच, म्हणजे जेमतेम ०.४ मिमी. नुसत्या हवेने पेट्रोलचा वाळलेला डिंक सुटत नाही. स्क्रू काढा, क्लीनर मारून तासभर मुरू द्या, मग ०.३८ मिमीची सरळ तार हलक्या हाताने आत घाला. तार ओढूनताणून घातली तर भोक मोठं होईल आणि बॉडी कामातून जाईल. नंतर त्याच भोकातून क्लीनर मारला की स्लाइडखालच्या (थ्रॉटल दिला की वर उचलला जातो तो भाग) दोन्ही बारीक छिद्रांतून धार यायला हवी. एकातूनच आली तर काम अर्धंच झालंय.

स्लाइड_साडेतीन
वरचं बरोबर, पण काळ्या प्लगचं कारण वेगळं. पायलट बंद, म्हणून तुम्ही स्लाइड उचलून ठेवलीय. आता आयडलिंगलाही पेट्रोल निडल जेटमधून (ज्यात सुई वरखाली होते तो) येतंय आणि तो झिजला असणार. त्यावरचा १०६ हा आकडा म्हणजे ०.१०६ इंच. इंचाच्या दोन-तीन हजारांश झीज डोळ्यांना दिसत नाही, पण पाव थ्रॉटलला मिश्रण दाट होतं. सुई आणि जेट जोडीनेच बदला. सुईची क्लिप मधल्या खाचेत.

पाना_पक्कड
हो, आणि फ्लँजही (कार्ब्युरेटर इंजिनला जिथे बसतो ती सपाट बाजू) बघा. नट जास्त आवळले की तो वाकतो आणि मधून हवा ओढतो. स्टीलची पट्टी आडवी धरा, उजेड दिसला तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा. ओ-रिंग नवीन. नट पुन्हा बेताने, आलटून पालटून.

जुनी_फटफटी
मग सेटिंग कसं करू?

स्लाइड_साडेतीन
गाडी दहा मिनिटं चालवून इंजिन गरम करा. चोक पूर्ण उघडा, थ्रॉटलच्या केबलला थोडी ढील ठेवा. एअर स्क्रू हलकेच टेकवा, मग दीड फेरा बाहेर. आत घेतला की मिश्रण दाट, बाहेर काढला की पातळ. थ्रॉटल स्टॉपने आयडलिंग हळू करा, स्क्रू अष्टमांश फेऱ्याने फिरवत सगळ्यात जलद आणि एकसारखा ठोका शोधा, स्टॉप परत खाली. असं दोन-तीनदा. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सर फटफटला तर स्क्रू किंचित आत. पण आधी सायलेन्सरचा जोड गळत नाही ना, ते बघा. तिथून हवा शिरली तरी असाच आवाज येतो.