फायबर होडीच्या सागवानी काठाला काय लावावं?

खाडीकाठ: तारकर्लीत पर्यटकांची फायबर होडी आहे, काठाची पट्टी सागवानी. मेस्त्रीने गेल्या दिवाळीआधी मारलेलं वार्निश मे महिन्यात पापुद्र्यांनी सुटलं, खाली लाकूड काळं. गणपती झाले की होडी पाण्यात. काका म्हणतात, काजूच्या टरफलांचं तेल लाव. तुम्ही काय वापरता?

वल्हेकरी: काकांचं तेल लाकडी होडीच्या बुडाला ठीक, पण पर्यटक हात ठेवतात तिथे नको. कच्चं तेल लागलं तर कातडीला फोड येतात.

वार्निश बहुतेक वेळा खालून सुटतं. स्क्रूच्या डोक्याशी बघा, काळा डाग तिथूनच पसरला असेल. सगळं खरवडा, मग 80, 120, 180 नंबरचा पॉलिश पेपर. काळेपणा ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातो; हातमोजे घाला आणि नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवा. लोखंडी स्क्रू असतील तर 316 स्टेनलेसचे (खाऱ्या पाण्यात सहसा न गंजणारं स्टील) घाला, भोकात सीलंट भरून. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून अ‍ॅसिटोनने पुसून लगेच मरीन वार्निशचा पहिला हात, निम्मं थिनर घालून. वर पाच-सहा हात, मध्ये 320 चा पेपर. पट्टीच्या टोकांना दोन हात जास्त, सगळ्यात जास्त पाणी तिथेच शिरतं.

फक्त हे आत्ता करू नका. ओल्या लाकडावर वार्निश मारलं की ओल आतच कोंडते. ऑक्टोबरचं ऊन येऊ दे. दव सुकल्यावर सुरू करा, दुपारी तीनला ब्रश खाली.

खाडीकाठ: ऑक्टोबरात माझा धंदा असतो हो! तोवर उघडंच ठेवू?

हर्णैकरीण: खुशाल ठेवा. साग राखाडी होईल, एवढ्यात कुजत नाही. आमचा काठ कायम उघडाच असतो. मऊ ब्रशने लाकडाच्या रेषांच्या आडवं घासायचं. उभं घासलं की मऊ भाग निघून खाचा पडतात. जवसाचं तेल मात्र चोपडू नका, आपल्या दमट हवेत बुरशी धरते. शिवाय त्या तेलाचे बोळे ढीग करून ठेवले तर आपोआप पेटतात.

वल्हेकरी: चालेल. पण वार्निश केलंत तर चमक उतरायला लागली की लगेच एक हात मारायचा, पापुद्र्याची वाट बघायची नाही. आणि पावसात शाकारताना काठावर थेट प्लास्टिक नको, हवा खेळायला हवी.

खाडीकाठ: दोन स्क्रू काढून बघितले, लोखंडीच आहेत. 316 चे मालवणात मिळतील की रत्नागिरीहून मागवू?