सोन्याचा नॅनो-स्विच ट्रान्झिस्टरला हटवणार? मला नाही पटत

घाटकोपर_वेस्ट (धागा सुरू)

आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की सोन्याच्या नॅनो आकाराच्या काड्यांवर लेझर मारला की प्रकाशानेच प्रकाश चालू-बंद होतो, तोही पिकोसेकंदापेक्षा (सेकंदाचा लाख कोटीवा भाग) कमी वेळात, त्यामुळे सिलिकॉनचे दिवस भरले, कॉम्प्युटर हजारपट फास्ट होणार वगैरे. प्रयोग खरा आहे, त्यावर वाद नाही. २०११ मध्ये नेचर नॅनोटेक्नॉलॉजी या जर्नलमध्ये आला होता, नॅनोरॉड्सच्या थरातून आरपार जाणाऱ्या प्रकाशात ८० टक्के बदल, वेग टेराहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला लाख कोटी वेळांच्या घरात. पण त्याच पेपरमध्ये कंट्रोल पल्सची, म्हणजे स्विच पलटवणाऱ्या लेझरच्या झटक्याची ऊर्जा पण दिलीय, चौरस सेंटिमीटरला ७ मिलिज्यूल, आणि तो आकडा कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता हिशेब करा. एका चौरस सेंटिमीटरमध्ये १० कोटी चौरस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे एका चौरस मायक्रॉनच्या स्विचवर दर वेळी ७० पिकोज्यूल पडणार. आजच्या चिपमधला एक ट्रान्झिस्टर एका फेम्टोज्यूलपेक्षाही (पिकोज्यूलचा हजारावा भाग) कमी ऊर्जेत पलटी मारतो, म्हणजे फरक सत्तर हजारपटीच्या वर. आणि हा स्विच खरंच टेराहर्ट्झने चालवायचा म्हटला तर ७० वॉट, घरातला छताचा पंखा खातो तेवढी वीज, एका चौरस मायक्रॉनवर. सोनं वितळेल हो!

इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला, तेव्हापासून क्लॉक स्पीड जो रखडलाय तो मुख्यतः उष्णतेमुळेच. ज्या रोगाने सिलिकॉन अडकलं तोच रोग सत्तर हजारपट घेऊन येणारी वस्तू त्यावरचा इलाज म्हणून विकायची, हे मला चुकीचं वाटतं, कारण पोरं असं वाचून पीएचडीचा विषय ठरवतात.

पंप_प्रोब

तुमचा गुणाकार बरोबर आहे पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी याच प्रकारच्या सेटअपवर काम करते म्हणून लिहितेय. एक तर जेवढा प्रकाश पडतो तेवढा सगळा शोषला जात नाही, काही परावर्तित होतो, काही आरपार जातो. दुसरं, एक चौरस मायक्रॉन हा आकार तुम्ही ठरवलात. १०० नॅनोमीटर बाय १०० नॅनोमीटरची रचना घेतली तर तोच आकडा शंभर पटीने खाली येतो, ०.७ पिकोज्यूल. धातू वापरायचं कारणच ते आहे, की प्लाझ्मॉनमुळे, म्हणजे धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकत्र झुलण्यामुळे, प्रकाश त्याच्या तरंगलांबीपेक्षा लहान जागेत कोंबता येतो.

आणि आत काय होतं ते नीट बघा. पल्स आला की आधी फक्त इलेक्ट्रॉन तापतात, हजार-दोन हजार अंशांनी सहज, कारण त्यांची उष्णताधारकता फार कमी, आणि अणूंची जाळी तेव्हा जवळपास थंडच असते. तापलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे सोन्याचे प्रकाशीय गुण बदलतात, रेझोनन्स (ज्या तरंगलांबीला सोनं सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं ती) सरकतो आणि रुंद होतो, तोच आपला स्विच. मग एक-दोन पिकोसेकंदात इलेक्ट्रॉन आपली उष्णता जाळीला देऊन टाकतात. हे आम्ही बघतो कसं, तर पंप पल्सने तापवायचं आणि मागून प्रोब पल्स उशिरा पाठवायचा, आणि तो उशीर आरसे सरकवून आणायचा. स्टेज ०.१५ मिलिमीटर मागे नेली की जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर जास्त रस्ता, म्हणजे बरोब्बर एक पिकोसेकंद. मुंबईत जुलैमध्ये दमट हवेने अलाइनमेंट सरकते, सकाळी लावलेला बीम जेवून येईपर्यंत जागेवर नसतो, तरी त्या ग्राफवर पहिला उतार दिसला की काय वाटतं ते शब्दांत नाही सांगता येत. पदार्थातला इलेक्ट्रॉन श्वास घेताना दिसतो तिथे. याला नुसतं वॉटमध्ये मोजू नका.

घाटकोपर_वेस्ट

@पंप_प्रोब ताई, त्या ग्राफबद्दल मला आदरच आहे. पण त्या पहिल्या उतारानंतरची शेपटी सांगा ना. जाळीने घेतलेली उष्णता खालच्या काचेत जायला शेकडो पिकोसेकंद, कधी नॅनोसेकंद (हजार पिकोसेकंद) लागतात. मग पुढचा पल्स एका पिकोसेकंदाने आला तर तो आधीच तापलेल्या सोन्यावर पडणार, त्याच्या पुढचा अजून तापलेल्यावर. एकदा फास्ट स्विच होणं वेगळं आणि सेकंदाला लाख कोटी वेळा होत राहणं वेगळं. लॅबमधले लेझर सहसा किलोहर्ट्झ किंवा मेगाहर्ट्झने पल्स देतात, दोन पल्समध्ये थंड व्हायला भरपूर वेळ, म्हणून सगळं गोड दिसतं.

लहान रचनेचा मुद्दा घेतला तरी ०.७ पिकोज्यूल म्हणजे ७०० फेम्टोज्यूल, ट्रान्झिस्टर तरी कुठल्या कुठे पुढे आहे. आणि धातू फास्ट आहे तो प्रकाश गिळतो म्हणूनच. शोषण काढून टाका, इलेक्ट्रॉन तापणारच नाहीत. वेग आणि नुकसान एकाच जागेतून येतात, त्यामुळे डिझाइन सुधारून एक ठेवता येईल आणि दुसरं घालवता येईल असं मला वाटत नाही.

केबलवाला

दोघेही स्विच म्हणजे लॉजिक गेट, चिपमध्ये गणित करणारा भाग, असं धरून भांडताय. मी नेटवर्कच्या कामात आहे, समुद्राखालच्या कितीतरी केबल आपल्या वर्सोव्याला वर येतात, तिथे प्रश्न गणिताचा नाहीच, विजेतला सिग्नल प्रकाशावर चढवायचा कसा हा आहे. २०१५ मध्ये हेच काम करणारा १० मायक्रॉन लांबीचा प्लाझ्मॉनिक मॉड्युलेटर ७० गिगाहर्ट्झवर चालवून दाखवलाय, सिलिकॉनचे नेहमीचे असतात मिलिमीटरमध्ये. त्यात बदल घडवतो तो व्होल्टेज दिलेला सेंद्रिय पदार्थ, सोनं इलेक्ट्रोड पण आणि प्रकाशाची वाट पण. म्हणजे धातूला तापवायची गरजच नाही. नुकसान होतंच, पण १० मायक्रॉनच जायचंय म्हणून परवडतं.

आणि तापणं हवंच असेल अशीही जागा आहे. सीगेटच्या ३० टेराबाइटच्या हार्ड डिस्क २०२४ मध्ये आल्या, त्यात रायटिंग हेडवरची प्लाझ्मॉनिक अँटेना लेझरचा प्रकाश शंभर नॅनोमीटरपेक्षाही लहान ठिपक्यात गोळा करून डिस्क क्षणभर तापवते, मग बिट लिहिला जातो. घाटकोपर, तुमचा धागा वाचून एखाद्याला वाटेल विषयच बाद आहे, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

टीवाय_फिजिक्स

मला एमएस्सीला ह्यातच प्रोजेक्ट करायचाय आणि आता गोंधळ झालाय 😟 सोनं सोडून दुसरं काही घेऊ का?

पंप_प्रोब

@टीवाय_फिजिक्स इंडियम टिन ऑक्साइड (आयटीओ) बघ, मोबाइलच्या टचस्क्रीनमध्ये असतं तेच. २०१६ च्या एका प्रयोगात त्याचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो-वळतो त्याचा आकडा) ०.७ ने हलला आणि ३६० फेम्टोसेकंदात, म्हणजे पिकोसेकंदाच्या साधारण तिसऱ्या भागात, परत जागेवर आला. एवढा मोठा बदल साध्या काचेत बघायला पण मिळत नाही. विषय सोडू नकोस. घाटकोपर सरांना लॉजिक गेट नको असेल तर नको, मला तरी इलेक्ट्रॉन असा का वागतो हे कळणं पुरेसं कारण वाटतं, कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) काय किंवा पवईची आयआयटी काय, सगळीकडे लोक ह्याच ओढीने रात्री लॅबमध्ये बसतात.

घाटकोपर_वेस्ट

@टीवाय_फिजिक्स सोडू नकोच, मी तसं म्हटलंच नाही. @केबलवाला मॉड्युलेटर आणि हार्ड डिस्क दोन्ही मान्य, माझा राग फक्त "कॉम्प्युटर हजारपट फास्ट" वर आहे आणि तो राहणार. आयटीओमध्येही ती ऊर्जा शेवटी जाळीतच जाते, ३६० फेम्टोसेकंदात नाहीशी होत नाही. प्रोजेक्ट करशील तेव्हा डिले पाच पिकोसेकंदावर थांबवू नकोस, स्टेज पुरत असेल तर निदान एक नॅनोसेकंदापर्यंत ने, १५ सेंटिमीटरच लागते, आणि ती शेपटी रिपोर्टमध्ये पहिल्याच ग्राफमध्ये दाखव. पल्सचा रेट पण खाली लिही.